उदगीरचा हिवाळा, सायकल आणि रेडियमची पट्टी

जानेवारीच्या मध्याला उदगीरला सूर्य उगवतो तेव्हा घड्याळात सातला चार-पाच मिनिटं कमी असतात. शिकवण्या सहाला किंवा साडेसहाला सुरू होतात. दूधवाल्याची फेरी त्याच्या आधीची आणि पेपर टाकणाऱ्या पोराची तर सगळ्यांच्या आधीची. ज्यांचा दिवस सायकलवर उजाडतो, त्यांचा हिवाळ्यातला पहिला तास असा काळोखातच जातो. संध्याकाळची गतही तीच. नोव्हेंबरच्या अखेरीला पावणेसहालाच सूर्य बुडतो. शाळा सुटून, मैदानावर थोडं खेळून सायकल काढेपर्यंत दिवेलागण झालेली असते.

थंडीत सायकल कशी चालवावी याबद्दल घरोघर सल्ले मिळतात. कान बांध, छातीला वारा लागू देऊ नकोस, दोन स्वेटर घाल. सगळे सल्ले गारठ्याचे. या लेखात कपड्यांपासून ब्रेकच्या रबरापर्यंत सगळ्याचा विचार करायचा आहे, पण इतक्या वर्षांत मनाशी जे पक्कं झालं ते आधीच सांगतो. आमच्या भागात थंडी सायकलवाल्याला त्रास देते; जिवावर बेततं ते अंधारामुळे. आणि घरातून निघताना तयारी होते ती फक्त थंडीची.

थंडी तरी किती असते? उदगीर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून जास्त उंचीवर आहे. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्रीत भराभर निवते. पारा बहुतेक रात्री दहा ते पंधरा अंशांत असतो, उत्तरेकडून लाट आली की एक आकडी होतो. २०१८च्या डिसेंबरअखेर परभणीत तो पाच अंशांच्याही खाली उतरला होता, पण तसे दिवस मोजके. फिनलंडमधल्या औलू शहरात लोक बर्फातून वर्षभर सायकल चालवतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. सायकलवाटांवरचा बर्फ यंत्रांनी काढला जातो आणि घसरू नये म्हणून काही जण टायरांना धातूचे खिळे बसवून घेतात. त्यांच्या मानाने आमचा हिवाळा म्हणजे सायकलीची सुगीच. मे महिन्यात दुपारी हँडलला हात लावता येत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती मडगार्डात गच्च बसून चाक फिरू देत नाही. सायकल खरी सुखाने चालते ती दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत.

तरीही घरच्या अंगणातले दहा अंश सायकलवर दहा राहत नाहीत. वाऱ्यामुळे अंगाला किती गार लागतं हे मोजण्याचं एक सूत्र कॅनडा आणि अमेरिकेने २००१ मध्ये स्वीकारलं. ते लावून पाहिलं, तर दहा अंशांत ताशी पंधराच्या वेगाने जाणाऱ्याला आठ अंशांसारखं लागतं, आणि समोरून दहाचा वारा असला तर सातसारखं. शिवाय थंड हवा जड असते. ती रात्रभर उतारावरून वाहत ओढ्या-नाल्यांच्या तळाशी साचते. देगलूर किंवा जळकोटच्या रस्त्याने पहाटे गेलेल्याला हे पुस्तकात वाचायला नको. पुलाच्या उतारावर एकदम गार पाण्यात शिरल्यासारखा झोत येतो आणि पलीकडच्या चढावर तो तितक्याच अचानक संपतो. दाट धुकंही बहुधा याच खोलगट जागी असतं. म्हणून उताराचा मोह आवरून पुलाआधीच वेग कमी करावा. तिथे हात बधिर होतात, डोळ्यांना पाणी येतं आणि समोरचंही कमी दिसतं, हे तिन्ही एकाच ठिकाणी घडतं.

कपड्यांच्या बाबतीत बहुतेकांची चूक जास्त घालण्याची असते. पायडल मारताना शरीर जेवढी शक्ती खर्चतं, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी सगळ्याची उष्णता होते. घरातून निघताना उबदार वाटेल एवढं अंगावर चढवलं, की दोन किलोमीटरांत पाठ घामाने भिजते आणि मग तोच घाम वाऱ्याने गार पडून हुडहुडी भरते. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दहा मिनिटांत अंग आपोआप तापतं. एका जाड स्वेटरापेक्षा दोन पातळ कपडे बरे, म्हणजे वाटेत एक काढून कॅरियरला लावता येतो. वारा अडवायचा तो फक्त समोरून, छातीवर. आमच्याकडचे जुने दूधवाले सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घालत. ही युक्ती गरिबीची म्हणून कुणी कमी लेखू नये. टूर द फ्रान्सच्या शर्यतीत घाट उतरण्याआधी जगातले पट्टीचे सायकलपटू जर्सीत वर्तमानपत्र सारत आले आहेत. कागदात हवा अडकते, वारा आत शिरत नाही, आणि पोचल्यावर तो काढून टाकला की झालं.

हात मात्र झाकायलाच हवेत. शरीर तापलं तरी बोटं तापत नाहीत, कारण हँडलवर ती हलत नाहीत आणि वारा थेट त्यांच्यावर येतो. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा आणि अर्धवट दाबला जातो, म्हणून हातमोजे ही मला चैन वाटत नाही. लोकरीचे नसले तर पायमोजे हातात घालावेत. आम्ही शाळेत जाताना तेच करायचो. गुडघे उघडे ठेवून थंडीत जोर लावणं पोरांना खपून जातं, चाळिशीनंतर खपत नाही.

दोन गोष्टींबद्दल मात्र माझं मत कडक आहे. पहिली म्हणजे माकडटोपी. ऊब देते, पण कानावरून घट्ट ओढली की मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कमी होतो. सायकलला आरसा नसतो. मागचं जग आपल्याला कानांनीच कळतं. कान झाकणारं कापड पातळ असावं, आणि त्याच्या आत इअरफोन तर मुळीच नसावा. दुसरी गोष्ट म्हणजे शाल आणि सोलापुरी चादर. अंगाभोवती गुंडाळून सायकल चालवणारे वडीलधारे अजून दिसतात. चादरीचं टोक सुटून मागच्या चाकात गेलं, की माणूस जागच्या जागी आडवा होतो. मफलरचं टोक, मुलींची ओढणी, साडीचा पदर, सगळ्यांची तीच कथा. टोकं आत खोचून वर सेफ्टीपिन लावावी. जुन्या सायकलींना साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकावर जाळी असायची ती याचसाठी. नव्यांत ती गेली.

यंत्राकडे वळू. पहाटे चाकांवर दव पडतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल आणि तिची चकचकीत लोखंडी रिंग कोरडी असते तेव्हा ब्रेक बरा लागतो, पण ती ओली असली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं. त्यातून थंडीने रबर कडकही झालेलं असतं. सायकल रात्री उघड्यावर असेल तर निघताना रिंग फडक्याने पुसावी, आणि पहिल्या पन्नास पावलांत ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून पाहावा. ब्रेकची रबरं दिवाळीतच बदलून टाकली तर आणखी चांगलं.

टायरची हवाही बदलते. ऑक्टोबरच्या दुपारी पस्तीस अंशांत पन्नास पौंड हवा भरली असेल, तर जानेवारीच्या पहाटे दहा अंशांत ती पंचेचाळीसच्या आसपास येते, व्हॉल्व्ह गळत नसला तरीही. म्हणून थंडीत सायकल जड चालते. थंड हवेचा विरोधही थोडा जास्तच असतो, कारण पस्तीस अंशांच्या मानाने दहा अंशांची हवा आठ-नऊ टक्के दाट असते. हबमधलं जुनं ग्रीस आणखी घट्ट होतं. लोक म्हणतात थंडीने पाय आखडले. निम्मा दोष हवेचा आणि ग्रीसचा असतो. आठवड्यातून एकदा पंप मारला तर फरक पायांनाच कळतो.

मात्र हिवाळ्यातलं पंक्चर बहुतेकदा हवेमुळे होत नसून काट्याने होतं. पावसाळ्यात रस्त्याकडेला पसरलेला सराटा आता वाळलेला असतो, आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो. रब्बीच्या पिकाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्या काट्या पांदीत सांडतात. तूर कापल्यावर उरलेले खुंट चाकूसारखे तिरपे असतात. शेतातून आडवाट धरणाऱ्याची ट्यूब त्यांच्यावर फाटते. काटा टोचल्याचं लक्षात आलं तर तो लगेच उपसू नये. टायरमध्ये असेपर्यंत तो भोक थोडंफार बुजवून धरतो, आणि तेवढ्यात गाव गाठता येतं.

याच दिवसांत खळं डांबरी रस्त्यावर येतं. तुरीच्या पेंढ्या रस्त्यावर अंथरल्या, की जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्याच मळणी करून देतात. शेतकऱ्याची अडचण मला कळते. मजूर मिळत नाही आणि सपाट जागा दुसरी नाही. पण वाळलेल्या तुराट्यांवर सायकलचं चाक गोट्यांवरून गेल्यासारखं निसटतं, आणि भुसा साखळीत गुंततो. तिथे ब्रेक दाबू नये, वळूही नये. आधीच वेग कमी करून सरळ जावं, नाहीतर उतरून ढकलावी. डांबराची कडही या दिवसांत दगा देते. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते, आणि साइडपट्टी डांबरापासून चार-सहा बोटं खाली बसते. मागून ट्रकचा हॉर्न आला म्हणून घाईने खाली उतरणारा सायकलवाला नेमका त्या कडेवर पडतो, आणि पडतो तो बहुधा रस्त्याच्या बाजूला.

आता ऊस. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे रात्र मोठी असते नेमके तेच महिने. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, आणि मागे बहुतेकदा दिवा नाही. बैलांच्या टायरगाड्या तर दिवा लावणार तरी कुठे? ट्रॉली रस्त्यात पंक्चर झाली तर चाकांना दगड लावून ती रात्रभर तिथेच उभी राहते. सकाळी ती जाते, दगड राहतात. मी अकरावीत असताना अशाच उभ्या ट्रॉलीवर आदळलो होतो. डिसेंबरची पहाट, सायकलला दिवा नाही, आणि समोरून आलेल्या जीपच्या प्रकाशाने डोळे दिपलेले. उसाची टोकं छातीला आणि हनुवटीला लागली. वेग जास्त नव्हता म्हणून हनुवटीला चार टाके पडून निभावलं. त्या ट्रॉलीलाही मी दिसलो नसतो आणि मला ती दिसली नाही, हे मात्र कायमचं डोक्यात बसलं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार दगावले. त्यांतले थंडीने किती, असा प्रश्नच येत नाही. आता एक हिशोब मांडून पाहू. साठच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. डिपरच्या उजेडात गडद स्वेटर घातलेला माणूस पंचवीस-तीस मीटरांवर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. म्हणजे चालकाच्या हाती दीड-पावणेदोन सेकंद. त्यातला एक सेकंद पाय ब्रेकवर जाण्यात संपतो, आणि त्यानंतर मोटारीला थांबायला आणखी वीस मीटर तरी लागतात. भरलेल्या ट्रकला जास्तच. चालक कितीही चांगला असला तरी हे गणित जुळत नाही. सायकलच्या मागे परावर्तक पट्टी असेल तर तीच सायकल शंभर-दीडशे मीटरांवरून चमकते आणि चालकाला सात-आठ सेकंद मिळतात. हिवाळ्यातली सायकल सुरक्षित करायला यापेक्षा स्वस्त काही नाही.

आपण तिला रेडियम म्हणतो. खरं रेडियम तिच्यात नसतं. अंधारात स्वतःहून चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना पूर्वी ते लावत, तिथलं नाव इकडे चिकटलं. या नावाने एक गैरसमजही होतो, की ही पट्टी आपोआप उजळते. तसं नाही. बारीक काचमण्यांनी किंवा लोलकांनी ती फक्त आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकते. म्हणून तिच्यावर चिखल बसला की ती संपली, आणि समोरच्या गाडीला दिवा नसेल तरीही ती निरुपयोगी. पोपटी जाकिटाचं तर आणखी वेगळं. तो भडक रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला लांबून दिसतो, कारण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो खुलतो. रात्री गाडीच्या दिव्यापुढे त्याला फारसं तेज राहत नाही. जाकिटावर चंदेरी पट्टे असतील तरच ते रात्री कामाचं.

पट्टी कुठे लावावी यावरही अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातल्या प्रयोगांत असं दिसलं, की घोट्यांवर आणि गुडघ्यांवर लावलेल्या पट्ट्या सायकलस्वाराची ओळख फार लांबून पटवतात. कारण त्या वर-खाली हलतात, आणि अशी हालचाल माणसाची आहे हे डोळ्याला क्षणात कळतं. एका जागी स्थिर असलेला लाल ठिपका मैलाचा दगडही असू शकतो. तेव्हा मागच्या मडगार्डावर लाल, पुढे पांढरी, आणि पायडलला किंवा घोट्याला पिवळी, एवढं तरी हवं. चौकात आडवं जाताना बाजूने दिसावं म्हणून आऱ्यांमध्येही एखादी. नव्या सायकलींच्या रिफ्लेक्टरांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता आदेश काढला. पण आमच्या रस्त्यांवरच्या बऱ्याच सायकली बापाकडून मुलाकडे आलेल्या आहेत, त्यांना आदेशाने पट्टी कशी लागणार?

दिव्याची जागा मात्र पट्टी घेऊ शकत नाही. जुना डायनामो, सहा व्होल्ट आणि तीन वॅटचा, पायातली ताकद खायचा, ओल्या टायरवर घसरायचा, आणि थांबलं की विझायचा. म्हणजे वळण घेण्यासाठी रस्त्याच्या मधोमध उभं राहावं, तेव्हा नेमका अंधार. आता दोन-तीनशे रुपयांत चार्जिंगचे दिवे मिळतात. मागचा लाल दिवा पुढच्या पांढऱ्यापेक्षा महत्त्वाचा, कारण मागून येणारा आपल्याला दिसत नसतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ साली वर्षभर एक प्रयोग झाला. चाकावरच्या चुंबकामुळे रात्रंदिवस चालू राहणारे दिवे काही हजार सायकलस्वारांना दिले, आणि दिवे नसलेल्यांच्या मानाने त्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे साडेतेरा तासांत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला जाणारे हौशी सायकलपटूही रात्री पुढे-मागे दिवा आणि अंगावर परावर्तक जाकीट असल्याशिवाय निघू शकत नाहीत. अशा फेऱ्या भरवणाऱ्या ऑडॅक्स संस्थेचा तो नियमच आहे. हौसेने सायकल चालवणाऱ्याला नियम आहे आणि दुधाच्या किटल्या घेऊन रोज त्याच अंधारातून येणाऱ्याला नाही, हे मला खटकतं.

उजेड झाला म्हणून सगळं संपत नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि बराच वेळ खालीच राहतो. सकाळी आठच्या सुमाराला बिदरकडे जाताना तो जवळजवळ समोर असतो. आपले डोळे दिपतात हे आपल्याला कळतं; मागच्या चालकाचेही दिपलेत हे कळत नाही. संध्याकाळी नळेगावच्या रस्त्याने पश्चिमेला जाताना तेच. अशा वेळी रस्त्याच्या मध्याकडे सरकू नये. आणखी एक सवय मोडायला हवी. बरेच जण समोरची गाडी दिसावी म्हणून उजव्या बाजूने चालवतात. पायी चालणाऱ्याला ते ठीक. सायकलस्वाराचा आणि समोरच्या गाडीचा वेग तिथे एकत्र होतो, आणि गल्लीतून बाहेर पडणारा माणूस त्या बाजूला पाहतच नाही.

शरीराबद्दल थोडक्यात. दमेकऱ्यांनी नाका-तोंडावर सुती रुमाल बांधावा. आत जाणारी हवा त्याने थोडी कोमट आणि दमट होते. साठीच्या पुढच्यांनी, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी, कडाक्याच्या थंडीत एकदम चढ घेऊ नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब आधीच वाढलेला असतो. व्यायामासाठी निघणाऱ्यांना पहाटे पाचची काय घाई असते, हे मला समजलेलं नाही. त्या वेळी गार हवेच्या थराखाली शेकोट्यांचा आणि कचऱ्याचा धूर जमिनीलगत कोंडलेला असतो. साडेसातनंतर निघावं, उजेडही असतो आणि धूरही विरू लागतो. कुत्र्यांची पिल्लंही याच दिवसांतली. अंगावर आलेल्या कुत्रीपुढे वेग वाढवू नये. उतरून सायकल मधे धरून चालत जावं.

ज्यांना वेळ निवडता येत नाही त्यांचा प्रश्न उरतो, आणि ती बहुतेक शाळकरी मुलं आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि कितीतरी मुलींची शाळा त्यामुळे टिकली. त्या योजनेच्या पैशांत एक मागचा दिवा बसवला तर किती भर पडेल? अंधारातल्या रस्त्यावर मुलींना गाड्यांच्या भीतीबरोबर माणसांचीही भीती असते. म्हणून त्या चार-पाच जणी मिळून निघतात, हे शहाणपणाचंच आहे. फक्त एका ओळीत चालवावं आणि दिवा सगळ्यात मागच्या सायकलला असावा. शिकवणीवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहिला तास अर्ध्या-पाऊण तासाने पुढे ढकलला, तर हिवाळ्यातल्या धोक्याचा मोठा भाग कुणाचा एक पैसा खर्च न होता जाईल. ट्रॉल्यांना रेडियम लावण्याच्या मोहिमा परिवहन विभाग हंगामाच्या सुरुवातीला घेतो. पट्ट्या उसाखाली झाकल्या जातात आणि जानेवारीपर्यंत मातकट होतात, तेव्हा ती मोहीम संक्रांतीला पुन्हा एकदा व्हायला हवी.

आमच्या ओळखीचे एक सायकल दुरुस्तीवाले मामा आहेत. पहाटे दुकानासमोरून जाणाऱ्या पोराला ते हाक मारून थांबवतात. "दिवा न्हाई, रेडियम न्हाई, आन् येवढ्या पहाटं कुठं निघूलालास रे बाळा?" मग शेजारच्या नंबरप्लेटवाल्याकडून आणलेली कातरणं काढतात. अंधारात एकेका तुकड्यावर टॉर्च मारून पाहतात. चमकला तरच घेतात, कारण त्यात नुसते रंगीत कागदही असतात. मडगार्ड फडक्याने पुसायचं, तुकडा चिकटवून अंगठ्याने घासायचा, मग पायडलांच्या कडेला दोन.

मागच्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात भज्जी आणि आंबील पोटभर झाली, आणि निघता निघता दिवस मावळला. बांधावरून पाहिलं तर डांबरी रस्ता पूर्ण काळा झाला होता. आमच्या अगदी शेजारून एक मोटार गावाकडे वळली, आणि तिच्या उजेडात खूप लांबवर दोन पिवळे ठिपके दिसले. आळीपाळीने वर-खाली होणारे. सायकल दिसत नव्हती, तिच्यावरचं पोरही दिसत नव्हतं. मोटारीने वेग कमी केला, उजवीकडून ऐसपैस वळसा घेतला आणि पुढे गेली. ठिपके पुन्हा अंधारात मिसळले.